भिंत किती तापते? मिथेनच्या ज्वाळेचं सिम्युलेशन आणि माझी पीएच.डी.

गेल्या महिन्यात माझी पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा झाली. विषय होता मिथेनच्या प्रक्षुब्ध (म्हणजे खळबळत्या प्रवाहातल्या) ज्वलनाचं संगणकावरचं सिम्युलेशन, आणि त्यातही ज्वलनकक्षाच्या भिंतींतून जी उष्णता निघून जाते तिचा ज्वाळेवर होणारा परिणाम. कॉलेजात शिकवत असताना हे केलं. थर्मलमध्ये एम.ई. करून सीएफडीत (द्रव-वायूंचे प्रवाह संगणकावर सोडवण्याच्या शास्त्रात) पीएच.डी. करू पाहणारे बरेच जण फोन करतात. सॉफ्टवेअर कुठलं, मशीन कुठून मिळालं, खर्च किती आला, मधेच अडकलं तर काय करायचं, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला तुटक सांगण्यापेक्षा सगळं क्रमाने लिहून काढते.

२०१९ च्या पावसाळ्यात प्रवेश परीक्षा दिली, मग मुलाखत, मग नोंदणी. नोकरीत असाल तर कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते लेटरहेडवर, जावक क्रमांकासह घ्या आणि त्याच्या चार-पाच सह्या-शिक्क्याच्या प्रती करून ठेवा. पुढे सुपरकॉम्प्युटरच्या अर्जालाही तेच पत्र लागलं. माझी नोंदणी यूजीसीच्या २०१६ च्या नियमांखाली झाली. त्यात प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नव्या नियमांत ही सक्ती निघाली. तुम्हाला कुठले नियम लागू आहेत ते पहिल्याच दिवशी विद्यापीठाकडून लेखी घ्या. मुदत सहा वर्षांची असते, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते.

विषय ठरवायला गेले तेव्हा माझे गाईड सर म्हणाले, "आधी प्रयोग शोध, मग मॉडेल." या वाक्याने माझं निदान वर्ष तरी वाचवलं असेल. सिम्युलेशनमधून चित्र तर कुठलंही निघतं. ते खरं आहे का, हे ताडून बघायला कुणीतरी नीट मोजलेली ज्वाळा हवी. मिथेनसाठी बहुतेक जण अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या 'फ्लेम डी' या ज्वाळेपासून सुरुवात करतात. ७.२ मिलिमीटरच्या नळीतून २५ टक्के मिथेन आणि ७५ टक्के हवा, रेनॉल्ड्स संख्या (प्रवाह किती प्रक्षुब्ध, याचं माप) सुमारे २२,४००. मीही कोड तपासायला तीच घेतली. पण ती ज्वाळा मोकळ्या हवेत जळते, तिला भिंतच नाही. मला भिंत हवी होती.

शेवटी जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या डीएलआर या विमान-अवकाश संशोधन संस्थेचा 'प्रेसिन्स्टा' बर्नर निवडला. हेलिकॉप्टरच्या टर्बाइनमधल्या बर्नरवरून बेतलेला. हवा भोवऱ्यासारखी फिरत आत येते, मिथेन स्वर्लरमधल्या (हवेला फिरवणाऱ्या भागातल्या) बारीक छिद्रांतून तिच्यात मिसळतो आणि ८५ बाय ८५ मिलिमीटरच्या, ११४ मिलिमीटर उंच चौकोनी कक्षात ज्वाळा उभी राहते. लेझरने आत बघता यावं म्हणून कक्षाच्या चारही भिंती क्वार्ट्झच्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दोन स्थिती आहेत. इंधन-हवा तुल्यता गुणोत्तर (१ म्हणजे दोन्ही नेमक्या प्रमाणात, १ हून कमी म्हणजे हवा जास्त) ०.८३ असताना ज्वाळा शांत असते आणि औष्णिक शक्ती ३० किलोवॉट. ०.७ ला आणलं की ती सुमारे २९० हर्ट्झने धडधडायला लागते. मी ०.८३ घेतलं. धडधड हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे आणि नोकरी करत असाल तर दोन्ही अंगावर घेऊ नका, असं मी कुणालाही सांगेन.

नोंदणी होते न होते तोच लॉकडाऊन लागला. ऑनलाइन तासांच्या मधल्या वेळात लॅपटॉपवर कँटेरा हे ज्वलनाचं रसायन सोडवणारं सॉफ्टवेअर शिकले. कँटेरा फुकट आहे, पायथनमध्ये चालतं, आणि जीआरआय-मेक ३.० ही मिथेनची रासायनिक यंत्रणा, ५३ घटक आणि ३२५ अभिक्रियांची, त्याच्याबरोबरच येते. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एकमितीय ज्वाळा काही मिनिटांत सुटते. मिथेन आणि हवा नेमक्या प्रमाणात असतील तर ज्वाळेचा वेग सेकंदाला जेमतेम ३८ सेंटिमीटर, तापमान २२२५ केल्विनच्या आसपास आणि ज्वाळेची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. हे आकडे स्वतःच्या हाताने काढले की पुढे मेश (गणितासाठी कक्ष ज्या लहान पेशींत तोडतात ती जाळी) किती बारीक हवी, याचा अंदाज आपोआप येतो. या काळाला मी वाया गेलेला काळ अजिबात म्हणणार नाही. थेट मोठ्या सॉफ्टवेअरवर उडी मारणाऱ्यांनी आधी दोन-तीन महिने हेच करावं.

भिंतीजवळ ज्वाळा का विझते, हेही याच काळात नीट उमगलं. गॅसवर थंड पाण्याचं पातेलं ठेवलं तर ज्वाळा बुडाला अगदी टेकत नाही, मधे एक पातळ काळी फट राहते. धातू उष्णता ओढून घेतो आणि त्या फटीत रासायनिक क्रिया टिकतच नाही. दोन थंड पाट्यांमधलं अंतर दोनेक मिलिमीटरच्या खाली गेलं की मिथेनची ज्वाळा त्यातून जात नाही. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने याच गुणावर खाणकामगारांचा दिवा बनवला. दिव्याभोवती तारेची बारीक जाळी, बाहेर खाणीतला मिथेन, आणि आतली ज्वाळा जाळी ओलांडून बाहेर येत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या जाळीने किती माणसं घरी सुखरूप परत गेली असतील, या विचाराने माझा माझ्या विषयावरचा जीव वाढला.

२०२१ मध्ये मशीनसाठी अर्ज केला. राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनखाली देशभरातल्या संस्थांत 'परम' मालिकेतली यंत्रं बसवली आहेत. आपल्या पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' बनवला, त्याच घराण्यातली ही यंत्रं. अर्जात प्रकल्पाचा सारांश, किती कोअर-तास (एक प्रोसेसर-कोअर एक तास चालला की एक) लागतील याचा हिशेब, गाईडची सही, संस्थाप्रमुखांची सही आणि सुरक्षेचं हमीपत्र लागलं. माझा अर्ज एकदा परत आला, कारण कोअर-तासांचा आकडा कशावरून काढला ते त्यात नव्हतं. मग छोट्या मेशवर काळाच्या एका पायरीला लागणारा वेळ मोजला, त्याला पेशींच्या आणि पायऱ्यांच्या संख्येने गुणलं आणि तो तक्ता जोडला. लगेच मंजुरी आली. तक्ता पहिल्यांदाच जोडा.

खर्चाचं सांगायचं तर सॉफ्टवेअरला एक रुपया लागला नाही. प्रवाह सोडवणारं ओपनफोम, कँटेरा, निकालांची चित्रं काढणारं पॅराव्ह्यू, सगळं मुक्त. पैसे गेले ते विद्यापीठाच्या वार्षिक फीमध्ये, दहाएक हजारांच्या चार टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये (आणि वर्षभराने तशीच दुसरी, कारण एकाच डिस्कवर सगळं ठेवून झोप लागत नाही), इन्व्हर्टरची बॅटरी बदलण्यात, परिषदांच्या नोंदणीत आणि शेवटी बाइंडिंगमध्ये. फीच्या पावत्या मूळ स्वरूपात जपा. सिनॉप्सिसच्या (प्रबंधाचा सारांश देण्याच्या) वेळी पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या पावत्या बघितल्या जातात.

मोजमापांच्या फाइल्स मागायला प्रयोग करणाऱ्यांना मेल केला तोही याच सुमारास. मेल थोडक्यात लिहा. आपण कोण, काय करणार, नेमकं काय हवंय आणि श्रेय कसं देणार, एवढं पुरे. मला वेगाचे, तापमानाचे आणि घटकवायूंचे वेगवेगळ्या उंचीवरचे आकडे मिळाले. भिंतीच्या तापमानाचा आकडा त्यात नव्हता. माझ्या प्रबंधाचा पुढचा सगळा प्रवास त्या एका नसलेल्या आकड्याभोवती झाला.

पहिलं काम ज्वाळा न पेटवता नुसती हवा सोडून बघणं. मेश सव्वा कोटी पेशींची, ज्वाळेच्या भागात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि भिंतीलगत त्याहून बरीच पातळ. ज्यांना साधनांची मर्यादा नाही त्यांनी याच बर्नरवर २०११ मध्ये २६० कोटी पेशींपर्यंत मजल मारली आहे. ते वाचून खचून जाऊ नका, आपला प्रश्न वेगळा असतो. एका कोअरला तीस-चाळीस हजार पेशी हे प्रमाण मला मानवलं. त्याहून कमी दिल्या तर कोअर एकमेकांशी बोलण्यातच वेळ घालवतात.

मग ज्वाळा पेटवली. ५३ घटक सव्वा कोटी पेशींत सोडवणं परवडणारं नव्हतं, म्हणून एफजीएम पद्धत घेतली. आइंडहोव्हनच्या गटाने २००० च्या सुमारास मांडलेली. आधी कँटेरात शेकडो एकमितीय ज्वाळा सोडवायच्या, त्यांचं टेबल करायचं आणि मोठ्या सिम्युलेशनमध्ये फक्त इंधन-हवा मिश्रण किती आणि ज्वलन कुठवर आलंय, एवढं सोडवून बाकी सगळं टेबलातून वाचायचं. उष्णता जात असेल तर टेबलाला तिसरी मिती लागते, ती म्हणजे एन्थाल्पीची तूट, वायूने किती उष्णता गमावली ती. पण सरांचा आग्रह होता की पहिला रन भिंतीतून अजिबात उष्णता न जाऊ देता करायचा. म्हणजे भिंतीमुळे काय बदललं ते वेगळं काढून दाखवता येईल.

२०२२ चा उन्हाळा त्यात गेला. काळाची पायरी एक मायक्रोसेकंद. कक्षातून वायू एकदा पूर्ण बदलायला साधारण १२ मिलिसेकंद लागतात, आणि सरासरी स्थिर व्हायला असे आठ-दहा फेरे तरी हवेत. म्हणजे लाखभर पायऱ्या. जॉबला कमाल वेळेची मर्यादा असते, म्हणून एक संपला की पुढचा आपोआप लागेल अशी स्लर्मची (जॉबची रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) डिपेन्डन्सी लावून ठेवायची. क्यूमधली वाट मात्र कुणाला चुकत नाही. सुट्टीच्या आणि सणांच्या दिवसांत क्यू रिकामी असते, हे माझं निरीक्षण. गणपतीत आणि दिवाळीत माझे सर्वांत लांब रन झाले.

निकाल आला. मधल्या भागातलं तापमान मोजमापांशी बऱ्यापैकी जुळलं. पण कक्षाच्या खालच्या कोपऱ्यांत, जिथे जळलेला वायू भोवऱ्यात अडकून फिरत राहतो, तिथे सिम्युलेशनचं तापमान फारच जास्त. त्या गरम कोपऱ्यांच्या आधाराने ज्वाळा झोताच्या बाहेरच्या कडेलाही पेटलेली, म्हणजे उभ्या छेदात तिचा आकार इंग्रजी 'एम'सारखा. प्रयोगात ती 'व्ही'सारखी आहे, फक्त आतल्या कडेला धरून उभी.

२०२३ मध्ये तीन मितींचं टेबल केलं. कँटेरात बर्नरला चिकटलेली ज्वाळा घ्यायची आणि वायूचा प्रवाह हळूहळू कमी करत न्यायचा, म्हणजे ती बर्नरला जास्तजास्त उष्णता देत जाते. एका टप्प्यानंतर मात्र ज्वाळाच टिकत नाही आणि भिंतीलगतच्या पेशी त्याहूनही थंड असतात. तिथे टेबल संपतं. यावर मी असं केलं की शेवटच्या टिकलेल्या ज्वाळेची रचना गोठवून फक्त तापमान उतरवत नेलं आणि अभिक्रियेचा दर शून्याकडे आणला. तापमानासाठी हे चालतं. कार्बन मोनॉक्साइडसाठी फारसं चालत नाही, कारण थंड भागात त्याचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर रेंगाळतं आणि टेबलाला ते नीट दिसत नाही. ही मर्यादा मी प्रबंधात स्वतंत्र परिच्छेदात लिहिली आहे.

आता भिंतीचं तापमान किती द्यायचं? इथे कागद-पेन्सिल घेतली. क्वार्ट्झ दीड मिलिमीटर जाड. चार भिंतींचं क्षेत्रफळ ०.०३९ चौरस मीटर. बाहेरची बाजू १२०० केल्विनला आहे असं धरलं आणि ती पूर्ण काळी मानली, तर प्रारणाने (किरणांवाटे) चौरस मीटरला सुमारे ११८ किलोवॉट, म्हणजे एकूण साडेचार किलोवॉट. क्वार्ट्झ तितकं काळं नसतं. उत्सर्जकता (पूर्ण काळ्या वस्तूच्या मानाने किती प्रारण होतं ते) ०.५ धरली तर सव्वादोन किलोवॉटच्या पुढे. तेवढी उष्णता दीड मिलिमीटर क्वार्ट्झमधून जायची तर आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत साठेक केल्विनचा फरक हवा. ३० किलोवॉटच्या ज्वाळेतून दोन-अडीच किलोवॉट म्हणजे टक्केवारीत फार वाटत नाही. पण ती उष्णता सगळीकडून सारखी जात नाही. भिंतीला घासत फिरणाऱ्या कोपऱ्यातल्या वायूतून ती जाते, आणि ज्वाळेची बाहेरची कडा नेमकी त्याच वायूवर तगून असते.

स्थिर तापमानाच्या भिंतीचा पहिला रन चालू असताना एका पहाटे घरूनच लॉगिन केलं. नेट इतकं संथ होतं की पॅराव्ह्यूची विंडो उघडत नव्हती, म्हणून क्लस्टरवरच एका छेदाचं लहानसं चित्र काढून घेतलं. ते पट्ट्यापट्ट्याने उतरत होतं. आधी वरचा गरम भाग, मग मधला झोत, मग खालचे कोपरे. कोपरे निवले होते आणि बाहेरची कडा नव्हती. 'व्ही' होता. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मिठी मारली, त्यांना आधी काही कळेना. सकाळी सरांना फोन केला. ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "छान. आता तो १२०० कुठून आणलास ते सिद्ध कर."

२०२४ सिद्ध करण्यात गेलं. भिंतीचं तापमान गृहीत न धरता वायू आणि क्वार्ट्झ एकत्र सोडवायचे. अडचण काळाची आहे. वायू १२ मिलिसेकंदांत बदलतो, तर दीड मिलिमीटर क्वार्ट्झला उष्णता आरपार जायला अडीचेक सेकंद लागतात, म्हणजे दोनशेपट. मायक्रोसेकंदाच्या पायऱ्यांनी तितके सेकंद चालवायचे तर वाटपाचे सगळे कोअर-तास संपले असते. पण आपल्याला भिंतीची अंतिम, स्थिर अवस्थाच हवी असते, आणि तिच्यात भिंतीची उष्णताधारकता येतच नाही. म्हणून वायूचे काही मिलिसेकंद चालवायचे, भिंतीवर पडणाऱ्या उष्णतेची सरासरी घ्यायची, तिच्यावरून क्वार्ट्झचं स्थिर तापमान काढायचं, ते थोडं सबुरीने परत वायूला द्यायचं, आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत हेच करत राहायचं. भिंत एका तापमानाची नाहीच, हे यातून दिसलं. खालच्या कडेला ती थंड आणि ज्वाळेचा झोत जिथे आदळतो तिथे सर्वांत गरम. ज्वाळेचा आकार 'व्ही'च राहिला, कोपऱ्यातलं तापमान मोजमापांच्या आणखी जवळ आलं. क्वार्ट्झच्या उत्सर्जकतेची खात्री नव्हती म्हणून दोन वेगळ्या किमती घेऊन दोन्हींचे निकाल दिले. परीक्षकांना आणि शोधनिबंधाच्या समीक्षकांना हे फार आवडलं.

समीक्षकांनी निबंध एकदा परत पाठवला. आणखी बारीक मेशवरचा एक रन मागितला. वाटपातले तास संपले होते, म्हणून नवा अर्ज, पुन्हा सह्या. वाटपातला पाचवा हिस्सा अशा वेळेसाठी राखून ठेवा, हे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना बजावून सांगते.

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण असतं. समितीत ज्वलनाचा माणूस असेलच असं नाही, तेव्हा पहिल्या पाच स्लाइडमध्ये बर्नरचं चित्र, मोजमाप आणि आपली रेघ एकाच आलेखावर दाखवा. कामाचा अहवाल त्याच दिवशी सही करून घ्या, नंतर तिघांना एकत्र गाठणं अवघड होतं. २०२५ च्या सुरुवातीला सिनॉप्सिस दिलं. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य दहा टक्क्यांच्या आत हवं. संदर्भसूची, प्रस्तावना आणि प्रमाण समीकरणं त्यातून वगळायची असतात असं यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतच आहे, पण तपासणी करणाऱ्याने ते पर्याय लावले आहेत ना, हे शेजारी उभं राहून बघा. नेव्हियर-स्टोक्स या प्रवाहाच्या समीकरणांचं वर्णन सगळ्यांचं सारखंच येतं.

प्रबंध दोन बाह्य परीक्षकांकडे गेला आणि मग नुसती वाट. पावसाळा गेला, दिवाळी गेली. या काळात विद्यापीठात फोन करायला संकोचू नका. आठवड्यातून एकदा, नम्रपणे, आवक क्रमांक हाताशी धरून. माझा एक अहवाल कितीतरी दिवस एका टेबलावर पडून होता, हे अशाच एका फोनमुळे कळलं आणि तो पुढे सरकला.

व्हायवाला, म्हणजे मौखिक परीक्षेला, एका परीक्षकांनी विचारलं, "वायूच्या स्वतःच्या प्रारणाचं काय? वाफ आणि कार्बन डायऑक्साइडही उष्णता फेकतात." त्याचा अंदाज परिशिष्टात होता. इतक्या लहान कक्षात ते भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेच्या मानाने कमी पडतं, हे दाखवलं. दुसरा प्रश्न मिथेनमध्ये हायड्रोजन मिसळला तर काय, हा होता. हायड्रोजनची ज्वाळा भिंतीच्या फार जवळ जाऊनही टिकते, तेव्हा बाहेरची कडा परत पेटण्याची शक्यता आहे आणि 'व्ही'चा पुन्हा 'एम' होऊ शकतो, असं मी म्हटलं. त्यावर बराच वेळ बोलणं झालं, आणि पुढचं काम म्हणून मला तेच करायचं आहे.

व्हायवा झाल्यावर दुरुस्त्यांसह अंतिम पीडीएफ शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी द्यावी लागते, गाईडच्या सहीच्या प्रमाणपत्रासकट, आणि ती पोचल्याशिवाय तात्पुरतं प्रमाणपत्र मिळत नाही. फाइलचं नाव, प्रकरणांची विभागणी आणि आकार यांचे नियम ग्रंथालयातून आधीच मागून घ्या. माझं टेबल बनवण्याचं पायथन कोड आणि मेशच्या सेटिंग्ज ज्यांना हव्या असतील त्यांनी आपला बर्नर कुठला आणि मशीन कुठलं ते लिहून कळवा. भिंतीच्या तापमानाबद्दल तुमच्याकडे काय माहिती आहे, तेही त्यातच लिहा.